ओझरचा कारखाना आणि मॉस्कोतला ब्यूरो

कांजूरमार्ग स्थानकाच्या पश्चिमेला बाहेर पडले की सदैव तुंबलेला लालबहादूर शास्त्री मार्ग लागतो. त्याचे जुने नाव आग्रा रोड. मुलुंड, ठाणे, भिवंडी, कसारा घाट असे करत हीच जुनी वाट नाशिक ओलांडते आणि पुढे वीसेक किलोमीटरवर ओझरला पोहोचते. ओझरच्या वसाहतीला त्या भागातले लोक आजही ‘ओझर मिग’ म्हणतात. मुंबईकराला मिग म्हटले की वांद्र्याची एमआयजी कॉलनी आठवते. नाशिककराला मात्र एक रशियन लढाऊ विमान. गावाच्या नावाला परदेशी विमानाचे नाव जोडले जावे, हा मान महाराष्ट्रात फार गावांच्या वाट्याला आलेला नाही.

त्याच कांजूरमार्ग स्थानकावर उतरून रोज शेकडो विद्यार्थी पवईकडे वळतात. पवईची आयआयटी १९५८ साली सुरू झाली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत साहाय्याने. यंत्रसामग्री तिकडून आली, तज्ज्ञही तिकडून आले. म्हणजे आग्रा रोडच्या या टोकाशी सोव्हिएत मदतीने शिक्षणसंस्था उभी राहिली आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत घाटापलीकडे सोव्हिएत परवान्यावर विमानांचा कारखाना. या दोन देणग्यांमधला फरक समजून घेतला, तर मिग-२१ ची भारतातील सारी कथा उलगडते. आजचा धागा त्याविषयी. थोडा लांबेल, पण सोबत राहा.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ ला निरोप देण्यात आला, तेव्हा भावविवश लेखनही पुष्कळ झाले आणि संतप्तही. दोहोंत एक साधा प्रश्न राहून गेला : हे विमान मुळात कोणत्या युद्धासाठी घडवले होते?

उत्तरासाठी कोरियात जावे लागते. १९५० ते १९५३ या युद्धात सोव्हिएत वैमानिक गुप्तपणे मिग-१५ उडवत होते आणि समोर अमेरिकन सेबर विमाने होती. मिग-१५ चे इंजिन ब्रिटनच्या रोल्स-रॉइस ‘नीन’ची नक्कल होते. युद्धोत्तर काळात ब्रिटनने नीन इंजिने सोव्हिएत संघाला चक्क विकली होती! मॉस्कोला नकलेचे वावडे कधीच नव्हते. नक्कल करताना ती वस्तू तशी का आहे, हे समजून घेण्याचा मात्र त्यांचा हट्ट असे. कोरियातून मिळालेला धडा असा, की उंची आणि वेग ज्याच्या हाती, लढाईची सुरुवात त्याच्या हाती. त्यातच अण्वस्त्रे वाहणाऱ्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानांचे भय. तेव्हा मागणी पुढे आली ती हलक्या, ध्वनीच्या दुप्पट वेगाने आणि सुमारे वीस किलोमीटर उंचीवर जाऊ शकणाऱ्या लढाऊ विमानाची.

आर्तेम मिकोयान आणि मिखाईल गुरेविच यांच्या डिझाइन ब्यूरोने यावर काय केले, ते पाहण्यासारखे आहे. पंख कसा असावा, याविषयी वायुगतिशास्त्राच्या मध्यवर्ती संस्थेत, म्हणजे ‘त्सागी’मध्ये, दोन मते होती : मागे झुकलेला पंख, की त्रिकोणी पंख? ब्यूरोने वाद कागदावर मिटवला नाही. दोन्ही प्रकारची विमाने बांधली आणि १९५५-५६ च्या सुमारास दोन्ही उडवून पाहिली. त्रिकोणी पंख निवडला गेला, पण शेपटीचे आडवे पंखही कायम ठेवले गेले. फ्रेंचांच्या मिराजमध्ये ही शेपटी नसते. ही निवड चुकली असती, तर का चुकली हे सांगू शकणारी माणसे आणि मोडीत काढलेली नमुना-विमाने त्यांच्या हाताशी होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता त्या विमानाच्या मर्यादा पाहू. खरे तर त्या मर्यादा नव्हेतच, समजून-उमजून केलेल्या निवडी होत. एकच इंजिन. इंधन इतके बेताचे, की सुरुवातीच्या प्रकारांत हवेत जेमतेम पाऊण तास काढता येई. हवा नाकातून आत जाणार आणि नाकाच्या मध्यभागी पुढे-मागे सरकणारा शंकू. रडार असेल तर ते या शंकूत मावेल एवढेच. वैमानिकाला दूरवर पाहता येत नसे, कारण त्याने दूरवर पाहावे अशी अपेक्षाच नव्हती. जमिनीवरील रडार शत्रू शोधणार, नियंत्रक रेडिओवरून दिशा आणि उंची सांगणार, वैमानिक झेपावणार, प्रहार करणार आणि परत येणार. अशी विमाने सोव्हिएत संघात दहा हजारांहून अधिक बांधली गेली. लढाई पेटली तर एकेका विमानाचे आयुष्य आठवड्यांत मोजावे लागेल, या हिशेबाने ते दीर्घायुषी करण्यापेक्षा ते लवकर आणि स्वस्तात पुन्हा बांधता यावे, याला महत्त्व होते. ठरावीक तास उडाले की विमान दुरुस्तीच्या कारखान्यात पाठवायचे आणि तोवर दुसरे पुढे करायचे. विस्तीर्ण भूमी, रडारांचे जाळे, अमाप उत्पादन : या तीन गोष्टी गृहीत धरूनच मिग-२१ चे गणित सुटते.

सोव्हिएत व्यवस्थेची आणखी एक खासियत होती. विमान आखणारे ब्यूरो आणि विमान बांधणारे कारखाने या तेथे पूर्णपणे वेगळ्या संस्था होत्या. मिकोयान यांचा ब्यूरो मॉस्कोत. विमाने मात्र गोर्की येथे बनत, मॉस्कोच्याच दुसऱ्या कारखान्यात बनत आणि प्रशिक्षणाची दोन आसनी विमाने तर पार जॉर्जियातील त्बिलिसीत बनत. कारखान्याला नकाशे मिळत, साचे मिळत, प्रत्येक भागाची कृती मिळत असे. त्यामागची कारणे ब्यूरोच्या कपाटात राहत. सोव्हिएत कारखान्याला याची अडचण नव्हती. शंका आली तर ब्यूरो एका दूरध्वनीच्या अंतरावर होता.

आता दिल्लीकडे येऊ. १९६१-६२ च्या सुमारास पाकिस्तानला अमेरिकेकडून ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणारी एफ-१०४ स्टारफायटर विमाने मिळाली. संख्या डझनभरच होती, पण धास्ती मोठी होती. बंगळुरूला जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली घडलेले आपले ‘मरुत’ जून १९६१ मध्ये उडाले होते. त्याला ध्वनिवेगापलीकडे नेईल असे इंजिन मात्र मिळत नव्हते. त्या शोधात सोव्हिएत इंजिनांचाही विचार झाला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या कारकिर्दीत, ऑगस्ट १९६२ मध्ये, मॉस्कोशी करार झाला : बारा मिग-२१ विमाने आणि भारतात ती बांधण्यासाठी तांत्रिक साहाय्य. लंडन आणि वॉशिंग्टन या दोघांनी भारताला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, ब्रिटिशांनी आपले लायटनिंग विमान पुढे केले. पण कारखान्यासकट विमान आणि किंमत रुपयांत फेडण्याची सवलत मॉस्कोने दिली. ख्रुश्चोव्ह यांचे चीनशी बिनसलेले होते, हेही या औदार्यामागे होतेच.

दोन महिन्यांत चीनचे आक्रमण झाले. मेनन गेले आणि सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, म्हणजे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. १९६३ साली ते लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले ते नाशिकमधून. मिगचा कारखाना तीन ठिकाणी विभागला गेला : सांगाडा आणि जोडणी नाशिकजवळ ओझरला, इंजिने ओडिशात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. ओझरचे श्रेय नाशिककर यशवंतरावांना देतात, कोरापूटचे श्रेय ओडिशातील लोक बिजू पटनाईक यांना देतात. राजकीय वजन होते हे खरे. ते दोघेही आपापल्या मागास टापूसाठी भांडले असतील तर त्यात गैर काही नव्हते, असे माझे मत. यशवंतराव १९६४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये स्वतः मॉस्कोला गेले आणि सहकार्याचा पाया अधिक पक्का करून आले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला जुनी बंगळुरूची कंपनी आणि मिगसाठी काढलेली नवी कंपनी यांचे विलीनीकरण होऊन ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड’, म्हणजे एचएएल, अस्तित्वात आली.

पण पहिली मिग विमाने ओझरला नव्हे, मुंबईच्या उपनगरात जोडली गेली, हे किती जणांना ठाऊक असेल? १९६३ साली ती खोक्यांत बंद होऊन जहाजाने मुंबईला उतरली. सांताक्रूझ विमानतळावर सोव्हिएत अभियंत्यांनी ती जोडली, सोव्हिएत वैमानिकांनी तपासून पाहिली आणि मग ती चंडीगडला नेण्यात आली. तेथे विंग कमांडर दिलबाग सिंग यांच्या नेतृत्वाखाली २८ क्रमांकाचे स्क्वाड्रन उभे राहिले होते. दिलबाग सिंग पुढे हवाईदलप्रमुख झाले. सांताक्रूझच्या त्या धावपट्टीच्या आसपास तेव्हा राहणाऱ्यांनी ध्वनीच्या दुप्पट वेगाचे भारताचे पहिले विमान पाहिले असणार, बहुधा आपण काय पाहत आहोत हे न कळता.

मॉस्कोच्या गणितातला पहिला खटका १९६५ च्या युद्धात उडाला. ४ सप्टेंबरला विंग कमांडर एम. एस. डी. वोलन यांना एक पाकिस्तानी सेबर नेमक्या टप्प्यात सापडले. त्यांच्याकडे उष्णतेचा माग काढणारी दोन के-१३ क्षेपणास्त्रे होती. (हे क्षेपणास्त्रही अमेरिकन ‘साइडवाइंडर’ची नक्कल. १९५८ साली तैवानशी झालेल्या चकमकीत एक साइडवाइंडर न फुटता चिनी मिगमध्ये रुतून बसले आणि तेथून मॉस्कोला पोहोचले!) वोलन यांनी दोन्ही सोडली, दोन्ही चुकली. त्यानंतर हाती काहीच उरले नाही, कारण या प्रकारातून तोफ काढून टाकलेली होती. उंच आकाशातील बॉम्बफेकी विमान पाडायला तोफ कशाला, असे ते मूळ गणित. पंजाबच्या शेतांवरून झाडांच्या उंचीने पळणारे सेबर त्या गणितात बसत नव्हते. हेच वोलन पुढे एअर मार्शल झाले आणि ऐंशीच्या दशकात एचएएलचे अध्यक्षही झाले. ज्याला विमानाची उणीव आकाशात भोगावी लागली, त्याच्याच हाती ती विमाने बांधणारी संस्था आली. आपल्या हवाई इतिहासातला हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

तोफेची पेटी पोटाखाली लटकवण्याची सोय मग केली गेली. १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी यांनी एका स्टारफायटरला पाडले, ते याच तोफेने. ज्या स्टारफायटरच्या धास्तीने मिग घेतले गेले होते, त्याच्याशी हिशेब असा चुकता झाला. त्याच युद्धात मिग-२१ कडून असे एक काम करून घेतले गेले, जे मूळ आखणीत कुठेच नव्हते. ढाक्याच्या तेजगाव विमानतळाची धावपट्टी पाचशे किलोच्या बॉम्बनी फोडली गेली. १४ डिसेंबरला विंग कमांडर बिश्नोई यांच्या नेतृत्वाखालील विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटे डागली. आकाशातील झेपेसाठी बनवलेला पक्षी जमिनीवरचे लक्ष्य टिपत होता.

ओझरमध्ये दरम्यान काय चालले होते? परवान्याने विमान बांधणे हे टप्प्याटप्प्याने चढायचे जिने असतात. आधी तयार भागांचे संच आणून जोडायचे, मग मोठे भाग येथे जुळवायचे, मग लहान भाग येथे बनवायचे आणि शेवटी धातूच्या पत्र्यापासून पूर्ण विमान. १९६६-६७ मध्ये संचांपासून सुरुवात झाली आणि १९७० च्या ऑक्टोबरमध्ये कच्च्या मालापासून बांधलेले पहिले मिग-२१ एफएल हवाईदलाला सुपूर्द झाले. द्राक्षांच्या मळ्यांशेजारी अवघ्या सहा वर्षांत हे साधले. पुढे ‘एम’ आणि ‘बिस’ हे प्रकार आले आणि एकूण विमानांची संख्या सहाशेच्या घरात गेली. परिसरातील आयटीआय झालेली मुले सहस्रांश मिलिमीटरच्या हिशेबात बोलू लागली. नाशिकची पुढची सारी कारखानदारी या शिस्तीची काही अंशी तरी ऋणी आहे.

पण आपण घेतला तो कारखाना. ब्यूरो मॉस्कोतच राहिला. रिव्हेट कुठे आणि किती अंतरावर मारायचा, हे ओझरला उत्तम ठाऊक होते. तो तेथेच का, हे विचारायला पत्र मॉस्कोला जाई.

तुलनेसाठी चीन पाहा. त्यालाही १९६२ सालीच मिग-२१ चा परवाना आणि काही विमाने मिळाली. पण संबंध फाटलेलेच होते, कागदपत्रे अपुरी आली आणि मदतीला कुणी राहिले नाही. चिनी अभियंत्यांना गाळलेल्या जागा स्वतः भराव्या लागल्या. त्यांचे जे-७ जानेवारी १९६६ मध्ये उडाले, त्याचा दर्जा कित्येक वर्षे यथातथाच होता, आणि तरीही ते सुधारत सुधारत २०१३ पर्यंत त्याचे उत्पादन चालू राहिले. पाकिस्तानच्या ताफ्यातली एफ-७ ही त्याचीच निर्यात आवृत्ती, म्हणजे ओझरच्या विमानांची चुलत भावंडे. मित्राने पूर्ण नकाशे दिले, म्हणून आपल्याला विमाने लवकर आणि चांगली मिळाली. नकाशे अपुरे मिळाले, म्हणून चीनला आखणी शिकावी लागली. यावरून आपण करार करायला नको होता, असा निष्कर्ष काढणे मात्र सोपे आणि चुकीचे आहे. १९७१ साली जे-७ च्या दर्जाची विमाने घेऊन लढण्याची वेळ आपल्यावर आली असती, तर आज हा धागा वेगळा लिहावा लागला असता.

मात्र या निवडीची किंमत मोजली गेली आणि ती रक्ताची होती. २०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले, की मिग मालिकेतील ८७२ विमानांपैकी ४८२ अपघातांत सापडली. १७१ वैमानिक, ३९ नागरिक आणि अन्य सेवांतील आठ जण मृत्युमुखी पडले. वृत्तपत्रांनी ‘उडती शवपेटी’ हे नाव रूढ केले. मला ते नाव अर्धेच खरे वाटते. त्रिकोणी पंखाचे हे विमान ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीवर उतरते. त्याच्याआधी वैमानिकाला वेगाची सवय लावणारे प्रगत प्रशिक्षण-विमान हवे, असे ला फोंटेन समितीने १९८२ साली सांगितले. ‘हॉक’ प्रत्यक्ष दाखल झाले २००८ साली. मधल्या सव्वीस वर्षांत विशी-बाविशीतली मुले कमी वेगाच्या विमानावरून थेट मिगवर चढत राहिली. त्यात १९९१ साली सोव्हिएत संघ फुटला आणि सुट्या भागांचे कारखाने एका रात्रीत निरनिराळ्या देशांत गेले. काही आठवडे लढून संपावे असे आखलेले विमान आपण सहा दशके उडवले. यातला दोष मिकोयान यांच्या ब्यूरोकडे किती आणि दिल्लीच्या फाइलींकडे किती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा; माझ्या मते फाइलींचे पारडे जड आहे.

खुद्द मॉस्कोनेही आपले गणित बदलले होते. अमेरिकेच्या एफ-१५ ला उत्तर म्हणून सुखोई ब्यूरोने टी-१० हे विमान बनवले. १९७७ साली ते उडाले, आणि मोजमापे पाहिल्यावर ब्यूरोतील मंडळींनीच मान्य केले, की हे पुरेसे नाही. मिखाईल सिमोनोव्ह यांच्या पुढाकाराने विमान जवळजवळ नव्याने आखले गेले आणि १९८१ साली पुन्हा उडाले. तेच सु-२७. मोठे, दोन इंजिनांचे, लांब पल्ल्याचे, स्वतः दूरवर पाहणारे. मिग-२१ च्या जवळजवळ प्रत्येक निवडीच्या उलट. वर्षानुवर्षांचे काम बाजूला सारून पुन्हा कोरा कागद घ्यायचा, हे ज्याच्याकडे ‘का’ची उत्तरे असतात त्यालाच परवडते.

याच घराण्यातले सु-३० एमकेआय ओझरला आले, तेव्हा भारताची भूमिकाही थोडी बदललेली होती. या वेळी आपण काय हवे ते सांगितले : रशियन सांगाडा आणि रडार, पण त्यासोबत फ्रेंच आणि इस्रायली उपकरणे, आणि संगणक भारतीय. पहिली विमाने पुण्याच्या लोहगाव तळावर सप्टेंबर २००२ मध्ये दाखल झाली, ओझरचे पहिले विमान २००४ मध्ये. हवाईदलाच्या २७२ सुखोईंपैकी २२२ ओझरची. ही खरेदी मिगपेक्षा शहाणी होती. तरी सांगाड्याचा ब्यूरो याही वेळी मॉस्कोतच होता.

आणि आता पवईकडे परत जाऊ. कोटा हरिनारायण हे एचएएलच्या नाशिक विभागाचे मुख्य अभिकल्पक होते. त्यांची पीएच.डी. आयआयटी मुंबईची. १९८०च्या दशकाच्या मध्यास ते मिग-२१ ची जागा घेणाऱ्या हलक्या लढाऊ विमानाच्या प्रकल्पाचे प्रमुख झाले. तेजस जानेवारी २००१ मध्ये उडाले : त्रिकोणी पंख, पण शेपटीविना. मिकोयान यांनी ठेवलेली शेपटी का ठेवायची नाही, याचे उत्तर या वेळी भारतीय अभियंत्यांनी स्वतः शोधले होते. परवान्याच्या कारखान्यातूनही ‘का’ विचारणारी माणसे निघतात, फक्त त्यांना पवईसारखी दुसरी एखादी जागा लागते.

उशीर झाला, पुष्कळ झाला. मिग-२१ निवृत्त झाले तेव्हा त्याच्या जागी पुरेशी तेजस तयार नव्हती. निरोपानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, ओझरच्या धावपट्टीवरून तेथे बांधलेले पहिले तेजस मार्क-१ ए संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या उपस्थितीत उडाले. ज्या कारखान्यात साठ वर्षे मॉस्कोचे नकाशे आले, तेथे आता बंगळुरूचे नकाशे येतात. इंजिन अजून अमेरिकेहून येते, आणि त्याच्या पुरवठ्याला झालेल्या विलंबामुळे तेजसचे वेळापत्रक पुन्हा एकदा मागे पडले आहे.